सायकलीची खांदेमळणी

त्या दिशी दारात कोण कोण हजर व्हतं ते आधी सांगते. मी सखूबाई. बाजेवर माझा म्हातारा, उजवं अंग लकव्यानं गेलेलं, तोंड मातर शाबूत. चुलीम्होरं सून शोभा. भिताडापल्याड शेजारीण रशीदाबी, कपडे शिवती ती. भिताडाला टेकलेली सायकल. आन माझा लेक भानुदास फोटोत. त्यालाबी मोजा, सायकल त्याचीच व्हती.

इतक्या माणसात सायकलीचं वाटोळं कसं झालं? सगळ्यांनी मिळून केलं. (रशीदाबीनं न्हाई. ती बराबर बोलत व्हती, म्हणून तिचं कोणी ऐकलं न्हाई.)

भानुदास गेला त्याच साली बैलबी गेले. लेक दवाखान्यातून गेला, बैल बाजारातून. घरात वढणारं काय उरलं, तर ही सायकल. शोभा तिच्यावर बसून जवळा बाजारच्या वाटंवरल्या शाळंत खिचडी शिजवाया जायची. तेवढ्यावर तिघांचं पोट. पण सायकल कुरकुरायली व्हती. साखळी उतरायची, शोभा वाटंत बसून चढवायची, काळ्या हातानं शाळंत पोचायची, तवर लेकरं ताटं वाजवून राहिलेली! हेडमास्तर म्हणले, "शोभाबाई, आता आणखी एकदा उशीर झाला तर मला दुसरी बाई पाहावी लागेल."

सायकल दुरुस्त करणारा बसतो बाजारच्या दिशी. बाजार लांब व्हता. मधात आला पोळा.

पोळ्याच्या आदल्या दिशी बैलाचे खांदे मळतेत. वरीसभर जू वागवून खांदा सुजतो, त्याला तूप-हळद चोळायची, आन कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." सगळ्या गल्लीत खांदेमळणी चालू, आन आमच्या दारात खुटा रिकामा. म्हातारा पडल्या पडल्या कुढून राहिला. मंग एकदम वरडला, "अगं ये! सायकलीचे मळ!"

"काय मळू?"

"खांदे! बैल वढतो म्हणून त्याला मळता न? मंग हिला काहून न्हाई?"

मला पटलं! (जलमभर ह्या माणसाचं एकबी पटलं न्हाई, नेमकं हे पटलं.)

रशीदाबीनं भिताडावरून मान काढली. "अगे सखूबाई, मेरे पास मशीनका तेल है. साखळीला दोन थेंब सोड, बास."

"सणाच्या दिशी बैलाला मशीनचं तेल लावतेत व्हय?"

"पर ये बैल कहाँ है?"

"आता आमाला हाच."



वाटीच्या बुडाला तूप व्हतं तेवढं करडीच्या तेलात कालवलं, हळद टाकली, कोंबट केलं. पण सायकलीचा खांदा कोणता? मी म्हणलं हँडल. म्हातारा म्हणला सीट.

"वज्जं कुठं बसतं? सीटवर!"

"अवो, बसतं त्याला खांदा म्हणत न्हाईत, त्याचं नाव दुसरं हाय!"

सणाच्या दिशी भांडण नको म्हणून सगळंच मळलं. हँडल, सीट, साखळी, मडगार्ड. म्हातारा म्हणला, "पायबी मळ, दुखत असतील." मंग दोनी चाकाच्या रिंगा चोळल्या, लख्ख! ब्रेकाचे रबर कोरडे पडलेले दिसले, माया आली, त्यालाबी बोट बोट लावलं. घंटीला तोंड लावून आवतनबी देलं.

शोभा भाकरी थापता थापता एवढंच म्हणली, "आत्या, उद्या सुट्टी हाय, पण परवा मला जायचंय."

"जा की! पळंल बघ कशी!"

पोळ्याच्या दिशी गल्लीतलं कुत्रं दिवसभर सायकल चाटून राहिलं. आमाला वाटलं, पाया पडून राहिलं. त्यानं सीटचं कातडं खाल्लं! मागून लाल मुंग्या आल्या. दुसऱ्या दिशी सकाळी शोभानं मुंग्या झटकल्या, सीटवर गोणपाट बांधलं, आन निघाली.

आमच्या दारापासून वढ्यापोत्तर सगळा उतार. सायकल अशी पळाली, अशी पळाली, का कुरकुर औषधाला न्हाई!

"पाह्यलं का!" म्हातारा बाजेवर डोलून राहिला. "खांदा मळल्याचा गुण!"

तेवढ्यात खालून आवाज आला, "आत्याऽऽ! ब्रेक लागंनाऽऽ!"

"काय म्हणती ती?"

"तुमचा गुण गाती!" म्हणलं, आन पदर खोचून पळाले.

वढ्याकाठी एक उकिरडा हाय. त्यानं तिला झेललं म्हणून ती आज हाय. पण उकिरड्यात दगूड व्हता, मनगट त्याच्यावर मोडलं. शेणात बसलेली, हात मांडीवर धरलेला, डोळ्यात पाणी न्हाई. रस्त्याकडं पाहून म्हणली, "आत्या, तांदूळ धुवायचा ऱ्हायला."

हाताला पलस्तर घातलं. दुसऱ्या दिशी मी पायी शाळंत गेले.

हेडमास्तर म्हणले, "आज्जी, आता बदली बाई लागेल."

"आलीय न."

"कुठं?"

"म्होरं उभी हाय."

त्यांनी माझी वाकलेली कंबर पाह्यली. "होईल तुमच्यानं?"

"न व्हऊन कुठं जाती?"

पहिल्या दिशी खिचडी बुडाला लागली. लेकरांनी मुकाट खाल्ली. भुकेलं लेकरू चव सांगत न्हाई.

रशीदाबीनं राखंनं आन कढत पाण्यानं सायकल घासली, साखळीला तिचं दोन थेंब तेल सोडलं. सायकल दुपारपोत्तर बरी झाली. शोभाला पावसाळा सरूस्तोवर येळ लागला.

तिला येणी घालता यीना, मी घालायची. एका सांजंला डोकं इंचरताना म्हणली, "आत्या, एक इचारू?"

"इचार की."

"आपल्या घरात खांदे काय सायकललाच हायेत?"

फणी हातातच ऱ्हायली. भानुदास गेल्यापासून तिच्या पाठीवर कोणी हात ठेवला व्हता? मी ठेवला व्हता? मंग मी तेलाची वाटी घेतली, तिच्या खांद्याला चोळाया लागले. बाजेवरून हळूच आवाज आला, "हळदबी टाक." जलमात पहिल्यांदा बराबर बोलला.

शोभाचं काम टिकलं. मनगट जरा वाकडं जुळलं, पण ब्रेक दाबता येतो. आता ती निघाली का, वढा पार होईस्तोवर मी दारातून उठत न्हाई.

तर वाचणाऱ्याला माझी एवढीच इनंती. घरी सायकल असंल तर साखळीला दोन थेंब तेल सोडा, चाकाच्या रिंगला आन ब्रेकाला बोटबी लावू नका. आन हात राहवतच नसंल, लावलंच, तर ज्या म्हातारीनं लावलं तिला आधी सीटवर बसवून उतारावरून सोडा. सुनंला नको.