पाळायला नेलेली शेळी

इथे कुवेतमध्ये अहमदीत राहणाऱ्या, गावाकडच्या आमच्याच खाडीपलीकडच्या एका माणसाने माझ्या मुलीला फसवलं. मला नाही, मला फसवणं त्याच्या बापालाही जमलं नसतं. तेरा वर्षांच्या मुलीला त्याने चारचौघांत शब्द दिला, त्या शब्दावर तिची शेळी स्वस्तात घेतली आणि शब्द मोडला. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गोंधळ नको.

मी चाऱ्याचा व्यापारी. कुवेतला आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात गोणी उचलत होतो. आज मीना अब्दुल्ला नावाच्या भागात माझं स्वतःचं गोदाम आहे. जव, कोंडा, पेंढा आणि जत, म्हणजे आपला लसूणघास, मी वाळवंटातल्या जनावरांच्या वाड्यांना पुरवतो. घासाघीस केल्याशिवाय मला जेवण पचत नाही आणि माझा आवाज लवकर चढतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण एकदा ‘दिलं’ म्हटलं की दिलं.

माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे, एक वयस्क कुवेती. त्याला आम्ही हज्जी म्हणतो. दर हिवाळ्यात तो आपल्या वाड्याचा एक कोपरा मुलांना देतो. कुवेती, इजिप्ती, हिंदुस्तानी, कुणाचंही मूल चालतं. एक करडू किंवा कोकरू घ्यायचं, दर सुट्टीला येऊन स्वतः सांभाळायचं आणि थंडी सरताना सगळ्यांसमोर फिरवून दाखवायचं. मग त्याचा हराज, म्हणजे लिलाव. आलेले पैसे मुलाचे.

मुलीने भाग घेतला तेव्हा मी हसलो. फ्लॅटमध्ये वाढलेली पोर. पहिल्या दिवशी चपलेला लेंड्या चिकटल्या म्हणून गाडीत बसेना. पण दोन-तीन महिन्यांत ती खूर तासायला शिकली, चारा तोलून घालायला लागली, पापणी खाली ओढून आतला रंग बघायची आणि शेळीला जंत झालेत का ते सांगायची. एकदा माझ्याच गोदामातून गेलेल्या जतची पेंडी तिने नाकाला लावली.

“अब्बा, धिस इज मोल्डी. हे बदलून द्या.”

हज्जीने मांडीवर थाप मारली. “इतक्या वर्षांत तुला आज खरं गिऱ्हाईक भेटलं!”

मी पेंडी बदलून दिली. त्यावर तिने भाव कमी करून मागितला. तोही दिला, आणि आतून बरं वाटलं.

हळूहळू आमची अख्खी इमारत त्यात ओढली गेली. शेजारच्या पुणेकर बाई बँकेत हिशेब बघतात. त्यांनी आठवड्याचा खर्च कसा मांडायचा ते तिला शिकवलं. खालच्या शिंप्याने शेळीला गळपट्टा शिवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. हराजाच्या दिवशी ही सगळी मंडळी डबे घेऊन वाड्यावर आली. ज्यांना शेळीच्या अंगाचा वास सहन होत नव्हता, तीही आली.

हज्जीच्या हराजात दोन रिवाज आहेत. बोली सुरू होण्याआधी मुलाने आपल्या जनावराचा एक दोष सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगायचा. आणि शेवटी जे दोघे उरतील त्यांनी जनावर कापायला नेणार की पाळायला, ते बोलून दाखवायचं. दोर कुणाच्या हातात द्यायचा हे मूल ठरवतं.

मी मुलीला आदल्या दिवशी समजावलं होतं, “दोष विचारला तर सांग, शिंगं जरा वाकडी आहेत.”

“ते सगळ्यांना दिसतंच, अब्बा. दॅट्स चीटिंग.”

रिंगणात उभी राहून ती मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली, “ही एकटी राहिली की चारा सोडते. हिला सोबत लागते.” मी कपाळावर हात मारला. एवढा मोठा दोष कुणी आपणहून सांगतं का? पण बोली खाली आली नाही, वर गेली. माझ्याशी गोणीमागे शंभर फिल्सच्या चिल्लरीवरून भांडणारा एक वाडेवाला उगाच दोनदा भाव चढवून बाजूला झाला. त्याला शेळी नकोच होती. पोर पुढच्या वर्षी पुन्हा यावी, एवढंच त्याला हवं होतं.

शेवटी दोघे उरले. एक खाटीक, त्याची बोली वरची. तो सरळ म्हणाला, “कापायला.” दुसरा आमचा खाडीपलीकडचा.

“पाळायला,” तो म्हणाला. “माझ्या आवारात एक शेळी आहेच, बेटा. दोघींना एकमेकींची सोबत होईल.”

मुलीने दोर त्याच्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडीत बसल्यावर माझं डोकं तापलं.

“एवढे दिनार सोडून दिलेस?”

“ते माझे होते, अब्बा.”

मी गाडी सुरू केली.

काही आठवड्यांनी त्याच माणसाकडे नातवाच्या अकीक्याची दावत होती. मुलगा झाला की दोन बकरे कापतात. मी दस्तरखानावर जेवायला बसलो. मटण सुरेख शिजलं होतं. मी पुन्हा वाढून घेतलं आणि म्हटलं, “भाय, जनावर कुठून आणलंस? चांगल्या चाऱ्यावर वाढलेलं दिसतंय.”

“अरे, तुझ्याच घरचं!” तो हसला. “स्वतःचा चारा ओळखलास की! दोनदा घेतलंस!”

बसलेले सगळे हसले. मुलगी शेजारच्या खोलीत बायकांबरोबर होती आणि दार उघडं होतं. ती उठली, चपला हातातच घेतल्या आणि जिन्यात जाऊन बसली.

मी ओरडलो. “पाळायला म्हणाला होतास!”

“पोरीला बरं वाटावं म्हणून बोललो रे. सोबत दिली ना शेळीला? दोघी एकाच देगेत आहेत.”

“मग हराजात कापायला म्हणायचं. खाटकाच्या वर जावं लागलं असतं.”

त्याने ताटली पुढे सरकवली. “लिंबू घे.”

तेव्हापासून आमचे लोक मला समजावतात की सोडून दे, बकरी त्याची होती, पैसे त्याने दिले होते, काम पुण्याचं होतं. खरं आहे, शेळी त्याची होती. मी स्वतः रोज मटण खातो, कापण्याशी माझं भांडण नाही. मी भाव पाडण्यासाठी आरडाओरडा करतो, दुकानातून उठून जातो, हात जोडतो. पण लहान मुलीशी गोड बोलून भाव पाडणं ही घासाघीस नव्हे.

या हिवाळ्यात मुलीने पुन्हा करडू घेतलं आहे. हात तयार झाला आहे, नव्या मुलांना खूर धरायला तीच शिकवते. पण या वेळी दोर कुणाला देणार असं विचारलं की मान खाली घालून म्हणते, “आय डोन्ट नो, अब्बा. कळणार कसं?”

मला याचं उत्तर येत नाही. ज्याच्यामुळे हा प्रश्न आला, त्याने ते द्यावं. हज्जीशी मी बोललो आहे, त्याची हरकत नाही. तर भाय, हे तुलाच सांगतोय: हराजाच्या दिवशी, पहिली बोली लागण्याआधी, रिंगणात ये. मुलं सांगतात तसा स्वतःचा एक दोष सगळ्यांना ऐकू जाईल असा सांग. माझ्याकडे बघू नकोस, तिच्याकडे बघ. आणि पाळायला नेतो असं का म्हणालास, ते तिला सांग.