उन्हात वाचलेली कवटी

नांदेडच्या एका खासगी रुग्णालयात एकतीस वर्षे एक्स-रे काढणारे ताहेर हे अत्यंत शिस्तीचे गृहस्थ. अहवाल लिहिण्याचा अधिकार डॉक्टरांचा, ही मर्यादा त्यांनी कधी ओलांडली नाही. दुर्दैव असे, की ही मर्यादा त्यांच्याखेरीज इकडे कोणालाच ठाऊक नसावी. फिल्म हाती पडताच आमची मंडळी ती सूर्याकडे धरतात आणि निदान करून मोकळी होतात. केळीवरचा करपा रोग ओळखता आला, की हाडांचे ज्ञान आपोआप प्राप्त होते, अशी त्यांची समजूत.

अर्धापूरचे ग्यानोबा पाटील याच पंथाचे. त्यांचा दोन वर्षांचा नातू शिवम बाजेवरून पडला. ताहेर यांनी डोक्याचा एक्स-रे काढला; अहवाल दुसऱ्या दिवशी मिळणार होता. पण तेवढा धीर कोणाला? फिल्म घरी नेऊन त्यांनी अंगणात उन्हात धरली. कवटीवर काळ्या रेघा दिसल्या आणि निकाल लागला: सून तनुजा हिने लेकरू आपटले, डोके फुटले. लेकरू ठेवून तिने चाकूरला माहेरी चालते व्हावे, असे ग्यानोबा आणि कस्तुराबाई या दांपत्याने ठरवले.

सकाळी सारे ताहेर यांच्यापुढे हजर.

"ताहेरभाई, हिनं डोकं फोडलं म्हणून लिहून द्या," ग्यानोबा म्हणाले.

"आधी डॉक्टरसाहेबांचा कागद वाचा. तडा न्हाई. कवटी वयाला साजेशी हाय."

"कागद ठिवा तिकडं. मग हे काळं कामून दिसतंय?"

डॉक्टरांची परवानगी घेऊन ताहेर यांनी शेजारी दुसरी फिल्म लावली. "ही माझी नात उमैमा, दोन वर्षांची असतानाची. रेघा मोजा. तितक्याच, तिथंच. आज ती शाळेत जाती. ह्या कवटीच्या हाडांमधल्या शिवणी हायेत, दातेरी, दोन्ही बाजूंनी सारख्या. आत मेंदू वाढून राहिला, हाडाला सरकायला जागा नको?"

"आमच्या डोक्याला न्हाईत की शिवणी!"

"वयानं बुजत जातात. तुमच्या डोक्यात आता काही शिरायला वाव न्हाई, पाटील. लेकराच्या हाय."

ग्यानोबा फिल्म उलटीसुलटी करून पाहत राहिले. क्षमा मागण्याची रीत त्यांच्या घराण्यात नसावी.

कस्तुराबाई सुनेला म्हणाल्या, "चल बाई, गाडीत बस."

तनुजाने शिवमला कडेवर घेतले. "न्हाई आत्याबाई. तुम्ही ठरवलंय तसं मी चाकूरलाच जाते. लेकरू मात्र माझ्यासंगं येईल. न्यायला मामंजींनी स्वतः यावं, आणि माझ्या बापापुढं सांगावं, कोणी काय फोडलं ते."

आणि ती बसस्थानकाकडे चालू लागली.