कुलुपातलं काचेचं सामान

मी चौथीपर्यंत शिकलो. पण निमोण्याजवळच्या आमच्या गावात हायस्कूल उभं राहिलं तेव्हा पायाचे दगड वाहणाऱ्यांत मी होतो, हे कुणी विसरू नये.

नव्वदच्या पुढं शाळेला प्रयोगाचं काचेचं सामान आलं. हेडमास्तरांनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. पोरं धसमुसळी, फुटलं तर परत कोण देतंय? खंडेनवमीला तेवढं कपाट उघडायचं. आम्ही औताला, इंजिनाला पुजतो तसं त्या नळ्यांना हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, की पुन्हा कुलूप. झेंडू माझ्या रानातला असायचा. प्रयोग फळ्यावर व्हायचे आन् पोरं वहीत चित्रं काढायची.

माझी थोरली दहावीला शाळेत पहिली आली. तिला शिरूरला कॉलेजात सायन्सला घातली. डॉक्टर होणार, असं मी पारावर सांगूनही टाकलं.

दिवाळीला ती घरी आली ती परत जायचं नावच काढीना. खोदून विचारलं तेव्हा बोलली. तिथल्या सरांनी तिला ब्युरेट भरायला सांगितली. ब्युरेट म्हणजे आकडे घातलेली उभी काचेची नळी, खाली तोटी. तिचं चित्र हिला झोपेतही काढता यायचं. पण तोटी कुठल्या अंगाला फिरवायची तेच कळेना. सगळं अ‍ॅसिड टेबलावर सांडलं. शेजारच्या पोरी हसल्या, म्हणाल्या, "पहिली आलेली हीच का गं?" त्यात शिकवणं सगळं इंग्रजीतनं. तवापासून हिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

मी तडक हेडमास्तरांच्या घरी गेलो. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "आप्पा, आजवर एक नळी फुटू दिली नाही आम्ही." अभिमानानंच म्हणाले. गावही त्यांना त्यासाठीच मानत होतं. मी चहा न घेता उठलो.

घरी येऊन पोरीला बजावलं, सोमवारी जायचं. माघार घेणारं आपलं घर न्हाई.

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आप्पा, इथं मी पहिली आन् तिथं मला काहीच येत न्हाई. यातलं खरं कुठलं?"

"इथलं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मंग मला इथंच राहू द्या."

आर्ट्सला तरी जा, असं पुष्कळांनी सांगून पाहिलं. गेली न्हाई. पुढं शाळेनं भिंतीवरच्या, दहावीला पहिल्या आलेल्यांच्या फळीवर तिचं नाव पांढऱ्या रंगात लिहिलं. तेव्हापासून ती रानात जाताना शाळेचा रस्ता सोडून लांबच्या बांधानं जायची.