गोळी फक्त सुट्टीच्या दिवशी

संजू ड्रायव्हर बीपीनं गेला असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, तो तहान मारता मारता गेला.

काल त्याची तेरवी झाली. पंगतीतून उठून आलो तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहायला बसलो. शाळा कमी शिकलो, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मेहकरच्या एसटी स्टँडसमोर माझी चहाची टपरी. ड्युटीवर जायच्या आधी संजू कटिंग मारायचा, पण पाण्याचा ग्लास पुढं केला की हातानंच मागं सारायचा.

एकदा विचारलंच मी, काऊन रे, पाण्याशी काय भांडण हाय तुझं?

हसला. म्हणे, "काका, डॉक्टरनं बीपीची गोळी देली. ते घेतली की घडीघडी लघवीले लागते. मी गाडी चालवू का झाडं हुडकत फिरू?"

टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो.

त्यामागचं खरं काय ते मात्र त्यानं कधी सांगितलं नाही. त्याच्या बायकोनं, मंगलानं सांगितलं.

बीबी गावच्या रस्त्यानं एकदा त्यानं गाडी बाजूला घेतली अन् उतरून झाडामागं गेला. लगेच परतही आला.
तेवढ्यात एका पॅसेंजरनं मोबाईल काढला.
व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरला. खाली लिहिलेलं, पॅसेंजर उन्हात अन् ड्रायव्हरसाहेब फिरायला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं. सगळ्यांसमोर खाली मान घालून ऐकून घेतलं त्यानं.

तेव्हापासून ड्युटीवर गोळी नाही अन् पाणीही नाही. गोळी फक्त सुट्टीच्या दिवशी.

आता सुट्टी भेटली तर ना.
डेपोत माणसं कमी. घरी जरा टेकला की फोन, गाडी कॅन्सल होऊन राह्यली, ये ना संजू. हा निघाला.

मेडिकलवाला चिडवायचा, तुमचं गोळ्यांचं पाकीट संपतच नाही काय हो.
संजू म्हणायचा, "सुट्टी भेटली त संपन ना बे."

हळूहळू माणूस बदलला. डोकं धरून बसायचा. झोप गेली. पोरीवर कधी आवाज न चढवणारा बाप जेवणात मीठ कमी पडलं तरी ताट सारायला लागला. जेवतानाही नजर घड्याळावर.

त्या दिवशीही सुट्टीच होती. फोन आला म्हणून उंबऱ्यावर बसून बूट घालत होता.
एकच बूट घातला गेला.
मेंदूतली शीर फुटली, डॉक्टर म्हणाले.

काल तेरवीला डेपोचे ड्रायव्हर दोन फेऱ्यांच्या मधात खाकीतच जेवायला आले. वाढणारा पाणी घेऊन फिरला तर एकेकानं ग्लासावर हात ठेवला.

मंगला दारातून पाहत होती. ती तांब्या घेऊन आली अन् गजाननपुढं उभी राहिली. गजानन नवीन लागला तेव्हा संजूनंच त्याला रस्ते दाखवलेले. बीपी त्यालाही आहे.

"गोळी घेतली का आज, भाऊजी?"

गजानन ताटाकडंच पाहत होता. "ड्युटी हाय ना वहिनी."

"कोनं शिकवलं हे तुमाले?"

त्याची नजर हार घातलेल्या फोटोकडं गेली.

मंगलानं त्याचा हात बाजूला केला अन् ग्लास भरला.
"त्यायनं चुकीचं शिकवलं, भाऊजी. प्या."

गजानन अर्धा ग्लास प्याला. घड्याळ पाहिलं. मग उरलेलंही प्याला.

बाकीच्यांचे हात मात्र ग्लासांवरच होते.

ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींनो, माझ्या टपरीमागं बाथरूम आहे. चावी खिळ्याला टांगलेली आहे, विचारायचं काम नाही.
अन् पॅसेंजर मंडळी, रस्त्यात गाडी थोडी थांबली तर मोबाईल खिशातच राहू द्या, बाप्पा.

संजू, आता घोटभर पाणी पिऊन जा. घाई नाही तुला.

तुझ्या काकाचा शेवटचा रामराम.