आधी पाणी

चिमणाबाईंना रसायनशास्त्र आलं ते मागच्या दारानं. शिवाजी पेठेतल्या एका हायस्कुलात, ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत, त्या परिचर म्हणून लागल्या तेव्हा सातवी शिकलेल्या होत्या. नवरा त्याच शाळेत शिपाई होता. तो गेल्यावर अनुकंपेवर यांना घेतलं आणि काम दिलं परीक्षानळ्या धुवायचं. मुलं दोन पदार्थ एकत्र करत, रंग बघत, वहीत लिहीत आणि घंटा झाली की जात. नळीत जे तयार झालेलं असे, ते चिमणाबाईंच्या वाट्याला येई.

धुता धुता त्यांना एकेकाचा स्वभाव कळत गेला. शिशाचा पिवळाधमक साका उकळत्या पाण्यात नाहीसा होतो आणि नळी गार झाली की वर्खासारखा चमकत परत तळाशी येतो. लोखंडाचा हिरवा साका रात्रभर तसाच राहिला तर सकाळी तांबडा होऊन काचेला धरतो. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब बोटावर पडला तर लगेच काहीच दिसत नाही, उन्हात गेल्यावर काळा डाग उमटतो आणि तो साबणाला दाद देत नाही.

तेव्हा शिकवायला मगदूम सर होते. निवृत्तीला आलेले, शांत. त्यांना या बाईंच्या शंका आवडायच्या.

“सर, ह्यो मोरचुदाचा निळा खडा तापवला की पांढरा पडतोय. पाण्याचा थेंब टाकला की परत निळा. आन ती मॅग्नेशियमची पट्टी जळली की नुसती राख. ती का परत यीत न्हाय?”

“काही बदल परत फिरवता येतात, काही नाही. माझा निम्मा विषय एवढाच आहे, चिमणाबाई.”

“आन उरलेला निम्मा?”

“तो तुम्ही धुता.”

प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी व्हायची होती. अट दहावी पासची. मगदूम सरांनीच त्यांना सतरा नंबरचा फॉर्म आणून दिला. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी चिमणाबाई बाहेरून परीक्षेला बसल्या. मुलगी, तेजस्वी, तेव्हा नववीत होती. ती स्वयंपाकघरात आईला बीजगणित शिकवायची आणि चिडायची. गणितात पस्तीस आले, इंग्रजीत अडतीस. विज्ञानात शंभरपैकी शहाऐंशी. ते गुणपत्रक घेऊन त्या मगदूम सरांच्या घरी गेल्या. सरांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि म्हणाले, “आता जागा तुमचीच.” बढतीची फाईल प्राचार्यांच्या टेबलावर गेली आणि तिथं राहिली.

मगदूम सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी राजवीर सर आले, संस्थेच्या अध्यक्षांचे पुतणे. मुलं आता वर्षभर क्लासला असत, हजेरी इथं लागे. प्रयोगशाळेला कुलूप. फेब्रुवारीत बोर्डाची तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा दोन दिवसांवर आली की सगळ्यांना बोलावून वर्षाचे प्रयोग एका दुपारी उरकायचे.

तशाच एका दुपारी सरांना सल्फ्युरिक ॲसिड पातळ करून हवं होतं. त्यांनी बीकरमध्ये तीव्र ॲसिड ओतून घेतलं आणि पाण्याचा जग मागितला.

चिमणाबाईंनी जग दिला नाही. “सर, आधी पाणी घ्या. ॲसिड मागनं, कडंकडंनं. तापतंय ते.”

“मला शिकवता?”

“तसं न्हाय ओ सर. मगदूम सर असंच करायचं.”

“दहावी झाली म्हणून काय डॉक्टरेट मिळाली व्हय, चिमणाबाई?”

मुलं हसली. सरांनी जग ओढून घेतला आणि ओतला. बीकर कढईसारखा चरचरला. जवळ दोन मुली वाकून बघत होत्या, म्हणून चिमणाबाईंनी तो मोरीकडं ओढायला हात घातला, आणि उसळलेलं सगळं त्या हातावर आलं. कोपरापासून मनगटापर्यंत. त्यांनी नळ सोडून हात खाली धरला आणि मुलींना सांगत राहिल्या, “नळ बंद करू नगा. कुणी म्हटलं तरी बंद करू नगा.” सर तोवर बाहेर जाऊन फोन लावत होते.

सरकारी दवाखान्यात अठरा दिवस गेले. तेवढ्यात कुणीतरी हाताचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आणि शिक्षण खात्याकडून खुलासा मागवला गेला. बघणारी वीस मुलं होती. पण त्यांच्या परीक्षा चालू होत्या, आणि मार्क सरांच्या हातात होते.

प्राचार्य हंबीरराव घोरपडे वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला, पंखा कमी केला आणि टाईप केलेला कागद पुढं सरकवला. हे तुमच्या अक्षरात उतरवून काढा, म्हणाले. कागदावर होतं: मी ॲसिडमध्ये पाणी ओतले. ॲसिड पातळ करण्याच्या योग्य पद्धतीची मला माहिती नसल्याने माझ्या हातून ही चूक झाली.

“बीकर तुमच्याच हातात होता न्हवं?” हंबीरराव म्हणाले.

“हातात हुता. ओतलं म्या न्हाय.”

“ते आता कोण बघतंय, बाई? पोरगं नवीन आहे. आयुष्यभराचा डाग लागंल त्याला.”

चिमणाबाईंनी बँडेजकडं पाहिलं. हंबीररावांनी टेबलावरची दुसरी फाईल हलवली. बढतीची. “हे मिटलं की ही मी स्वतः संस्थेकडं घेऊन जातो. सोमवारी.”

त्यांनी फाईलीवरचं आपलं नाव वाचलं. मग म्हणाल्या, “सर, माझ्या हातनं झालं म्हणून लिवते. म्हाईत न्हवतं, तेवढं काढा की.”

“ते काढून कसं चालंल? माहीत असून केलं तर तो गुन्हा होतो. माहीत नव्हतं म्हटलं की नुसती चूक. तुमच्या भल्याचंच सांगतोय.”

उजवा हात शाबूत होता. त्यांनी लिहिलं, सही केली. दहावीसाठी घटवून घटवून आलेलं अक्षर, सरळ, मोठं, कुठंही खाडाखोड नसलेलं.

हंबीरराव दिलेल्या शब्दाप्रमाणं सोमवारी फाईल घेऊन गेले. पंधरा दिवसांनी ती परत आली. समितीनं शेरा मारला होता: सदर परिचर यांना विषयाचे प्राथमिक ज्ञान नसल्याचे त्यांच्याच लेखी खुलाशावरून दिसते, सबब पदोन्नती देता येत नाही. खुलाशाची प्रत सोबत जोडली होती.

“मी माझं काम केलं,” हंबीरराव म्हणाले. ते खरंच होतं.

तेजस्वीनं घरी ती प्रत वाचली. मग एवढंच म्हणाली, “आई, तुला ते येत होतं.”

“व्हय.”

“मग लिहिलंस कशाला?”

बढतीच्या फाईलीसाठी, हे पोरीला सांगण्यासारखं नव्हतं.

राजवीर सर कायम झाले. आता ते वर्षाच्या सुरुवातीला एक तास खरंच प्रयोगशाळेत घेतात. सुरक्षिततेचे नियम सांगतात, आणि तिसऱ्या, ॲसिडच्या नियमाला थांबून हाक मारतात, “चिमणाबाई, जरा हात दाखवा यांना.” पहिल्या वर्षी त्या ऐकू न आल्यासारखं करून मोरीपाशी उभ्या राहिल्या. सरांनी दुसऱ्यांदा हाक मारली. तेव्हापासून त्या पुढं येतात आणि बाही वर करतात. चकाकणारी, ओढलेली कातडी. पुढच्या बाकावरची मुलं मागं सरकतात. “माहीत नसलं की काय होतं ते बघा,” सर म्हणतात. राग किंवा कुचेष्टा त्यांच्या आवाजात नसते. एवढ्यांदा सांगून आता त्यांनाही ते तसंच आठवत असावं.

यंदा जर्नलं गोळा करून स्टाफरूमकडं नेताना चिमणाबाईंनी सवयीनं वरचं उघडलं. समडोळे नावाच्या मुलीनं उलट लिहिलं होतं: प्रथम ॲसिड घ्यावे, नंतर त्यात पाणी ओतावे. खाली सरांची लाल सही.

त्यांनी मुलीला व्हरांड्यात गाठलं. “पोरी, ह्ये चुकलंय. आधी पाणी. मग ॲसिड, थेंबाथेंबानं. दुरुस्त कर.”

मुलीनं जर्नल हातात घेतलं, सही पाहिली, मग चिमणाबाईंच्या बाहीकडं पाहिलं. आगाऊ नव्हती ती. अडखळत म्हणाली, “सरांनी तपासलंय की मावशी. आन तुमाला तर… ते म्हाईत न्हवतं न्हवं?”

चिमणाबाईंनी जर्नल तिच्याकडून परत घेतलं, गठ्ठ्यावर ठेवलं आणि जिना चढायला लागल्या.