पंचावन्न वर्षं कोरडे

आमच्या मंडळीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत मराठी शिकवते आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही. मंडळी म्हणजे सक्करदऱ्याकडची आमची बॅप्टिस्ट मंडळी, आमचं चर्च. पंधरा बाकं, एक हार्मोनियम, आणि कुठल्याही गोष्टीवर किमान तीन मतं! जानेवारीत पंचाहत्तरावा वर्धापनदिन येऊन ठेपला होता. "छोटीशी पुस्तिका करू, रूथताई," आमचे पाद्री, पाळकसाहेब म्हणाले. (ते माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. त्या वयात सगळंच छोटंसं वाटतं.)

मी वही घेऊन ज्येष्ठांकडे गेले आणि पहिल्याच प्रश्नाला भांडण लागलं. मी एवढंच विचारलं होतं, की मंडळीची पहिली उपासना कुठे झाली?

"चिंचेखाली," मार्थाआत्या म्हणाल्या.

"कडुनिंब होता तो!" शमुवेलकाका उसळले. काका आमचे सगळ्यात जुने डीकन, म्हणजे मंडळीचे कारभारी. मंडळीचे सगळे नियम त्यांना तोंडपाठ, आणि बाकीच्यांनी ते मोडलेलेही तोंडपाठ.

"आत्या, पण तेव्हा तर तुमचा जन्मच झालेला नव्हता," मी म्हटलं.

"तर काय झालं वं? मले आठवते ना!"

शेवटी मी 'एका डेरेदार वृक्षाखाली' असं लिहून दोघांनाही नाराज केलं आणि घरी येऊन बाबांना धरलं. खरं तर आधीच धरायला हवं होतं. माझे वडील, पांडुरंग. हो, पांडुरंगच! रामटेकाकडच्या धानशेतीवाल्या हिंदू घरातला हा मुलगा गांधीबागेत कापडाच्या दुकानात नोकरीला आला, आईच्या प्रेमात पडला, कोर्टात लग्न केलं आणि दर रविवारी आईच्या मागोमाग मंडळीत येऊ लागला. तो येतच राहिला, पंचावन्न वर्षं.

आता बॅप्टिस्ट म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्यात डोक्यावर चार थेंब शिंपडून भागत नाही. माणूस जाणता झाला, स्वतःच्या तोंडानं 'हो' म्हणाला, की त्याला आख्खा पाण्यात बुडवून वर काढतात. त्यासाठी आमच्या व्यासपीठाच्या फळ्यांखाली सिमेंटचा हौद आहे. आणि ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यानं प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून वाटतात त्या, भाकरीला न् प्याल्याला हात लावायचा नाही. (निदान शमुवेलकाकांच्या हयातीत तरी नाही.)

या हौदाचे मालक म्हणजे बाबा. फळ्या उचलायच्या, हौद घासायचा, भरायचा, आणि बाप्तिस्मा झाला की पायऱ्यांशी कोरडा टॉवेल घेऊन उभं राहायचं. मी सतरा वर्षांची असताना नाकातोंडात पाणी जाऊन वर आले, तेव्हा समोर बाबाच होते. "शिंकर नाक," म्हणाले. कोण पाण्यात शिंकलं, कोणाची कवळी हौदात पडली, कोण बुडायच्या आधीच रडायला लागलं, सगळं त्यांना पाठ होतं. माझं अर्धं पुस्तक त्यांनीच सांगितलं.

मग सभासदांची यादी करायला घेतली. प्रत्येकाचं नाव आणि पुढे बाप्तिस्म्याची तारीख. जुन्या नोंदवहीला वाळवी लागलेली, तरी एकेक करत सगळे सापडले, फक्त बाबा सापडेनात. मी म्हटलं, वाळवीनंच खाल्ले असणार. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "पाहू मंग," आणि कुलरचं गवत साफ करायला निघून गेले. डिसेंबरात!

इथे शहाण्या बाईला संशय आला असता. मला आली प्रतिभा! मी कागद ओढला आणि लिहून टाकलं, 'पांडुरंग यांचा बाप्तिस्मा ऐन थंडीत नदीच्या वाहत्या पाण्यात झाला. काठावर मंडळी गीत गात होती.' वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर, चहाच्या वेळी, मी सगळ्यांसमोर कच्चा मसुदा वाचला. नदीपाशी आले आणि काय सांगू! मार्थाआत्या लगेच म्हणाल्या, "हो तर! मी होती ना काठावर. काय थंडी होती बापा!"

"कंबरभर पानी होतं," शमुवेलकाका म्हणाले. चिंच आणि कडुनिंबावर जन्मात एकमत न झालेले हे दोघं माझ्या नदीवर एकमतानं उभे राहिले! "अन् हा पांडुरंग थरथर कापून राहिला होता. मीच धरलं होतं त्याले."

सगळे हसले. बाबांनी कप खाली ठेवला. उभे राहिले, एका हातानं बाक धरून.

"असं काही झालं नाही गा शमुवेल," ते म्हणाले. "कोनती नदी अन् काय! माहा बाप्तिस्मा झालाच नाही. मी अजून कोरडाच आहो."

शमुवेलकाकांनी चहात बुडवलेलं बिस्किट कपातच विरघळलं.

"मायले शब्द देल्ला होता," बाबा म्हणाले. "ती म्हने, बायकोच्या देवळात जा, बस, गाणी म्हण, पण माह्या जिवंतपणी त्या पान्यात उतरू नको. मी म्हटलं, बरं." (आजी नव्वदी ओलांडून गेली. तोवर बाबाच पासष्टीचे झाले होते!) "अन् ती गेल्यावर मले लाज वाटे. मी टॉवेल देनारा मानूस. लहान लहान पोरं माह्यासमोर बुडून वर आली, मंग त्यांची पोरं आली. आता कोनत्या तोंडानं म्हनू, का माहा राहिला?"

आणि मला एकदम आठवलं, की प्रभुभोजनाची ताटं फिरायला लागली की बाबा दर वेळी उठून बाहेर जायचे. "चपला-सायकलींकडे पाहतो," म्हणायचे. पंचावन्न वर्षं मी... बरं, माझी बावन्न वर्षं मी समजत होते, की काय माझ्या बापाची सेवावृत्ती! आई तिसऱ्या बाकावर एकटी बसून भाकर मोडायची. तिला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी जाईपर्यंत तिनं एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "बाबा, आई कधी काही म्हणाली नाही?"

"म्हने ना. दर ईस्टरले म्हने. एकदा तरी माह्या बाजूले बसून घ्या. मी म्हनो, पुढच्या ईस्टरले." मग चष्मा काढून पुसत बसले. "आता मले बाप्तिस्मा घ्यायचा आहे वं, माय. तिकडे तरी तिच्या बाजूले बसू दे मले. तिथंही बाहेर चपला सांभाळत बसू काय?"

मी हसले, आणि हसता हसता स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पाळकसाहेबांचा तर आनंद मावेना. "येत्या रविवारीच करू!" म्हणाले. बाबा म्हणाले, "चालते."

आता खरी गंमत. मी म्हटलं, "नाही, वर्धापनदिनी करू."

तीन आठवडे तर होते! भरलेलं सभागृह, बाहेरगावचे पाहुणे, फोटो, आणि पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण: मंडळीच्या पंचाहत्तरीला, ब्याऐंशीव्या वर्षी, आमच्या टॉवेलवाल्या बाबांचा बाप्तिस्मा. असा शेवट कुठल्या मंडळीच्या इतिहासाला मिळतो? बाबा माझ्याकडे पाहत राहिले. "तू म्हनते तर तसं," म्हणाले. पंचावन्न वर्षं थांबलेल्या माणसाला मी आणखी तीन आठवडे थांबवलं आणि वर त्यांना नवीन पांढरा सदरा आणला.

एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली? फोटोत जुना हौद शेवाळलेला दिसेल म्हणून मी गवंडी लावून निळ्या टाइल्स बसवायला घेतल्या. गवंड्यानं छिन्नीचे घाव घातले आणि इतकी वर्षं थेंब न गळलेला हौद गळू लागला! आठवडाभर आधी, शनिवारी भरून पाहिला, रविवारी पाहतो तो हौद तळाला गेलेला, आणि शेजारच्या संडेस्कूलच्या खोलीत चटया तरंगताहेत. मुलं खूश. ती नोहाच्या जलप्रलयाचा धडा प्रत्यक्ष शिकायला तयार होती. शमुवेलकाका मात्र खवळले.

"कोनी सांगितल्या होत्या या टाइला?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी हार्मोनियमकडे पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत होते. बाबा एकटेच मंडळीत गेले, तळाशी उरलेल्या गार पाण्यात उतरले आणि तासभर वाकून भेग शोधत बसले. मी पोहोचले तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत वर, ओठ निळे, आणि चेहऱ्यावर विजय.

"सापडली वं! हे पाह्य, इथून जाऊन राहिलं पानी."

"बाबा, बाहेर या आधी!"

"पोटऱ्यांपर्यंत झाला माहा बाप्तिस्मा," ते म्हणाले. "बाकीचा रविवारी."

संध्याकाळी खोकला सुरू झाला. दुसऱ्या दिवशी ताप, तिसऱ्या दिवशी दवाखाना. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय. बाबांना याचंही हसू आलं. "पाह्य, आत शिरलंच ते," म्हणाले, आणि हसण्यात त्यांना एवढी धाप लागली की नर्स मला रागावली.

पाळकसाहेब धावत आले. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. "बाबा, देव मन पाहतो. मी इथेच थोडं पाणी ओततो तुमच्या डोक्यावर. मग भाकर आणि प्याला घेऊ."

"ओतून?" बाबा उशीवरून उठायला लागले. "साहेब, आपन बॅप्टिस्ट आहो!"

शमुवेलकाका पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. ज्यांनी आयुष्यभर कुणाला नियमातली सूट दिली नाही, ते काका. "घे गा पांडुरंग," ते म्हणाले. "थोडं घे. मी डोळे मिटून घेतो."

"रविवार कुठं दूर आहे?" बाबा म्हणाले. "चारच दिवस तर राहिले. पोरीनं सगळी तयारी करून ठेवली आहे."

मी काही बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं. 'बाबा, खड्ड्यात गेली तयारी, घ्या आत्ता,' असं म्हणायला हवं होतं. मी त्यांच्या पायावरची चादर नीट केली.

पुस्तिका त्या दुपारी छापून आली. छापखान्याला आठ दिवस आधी मजकूर लागतो, म्हणून शेवटचं प्रकरण मी आधीच लिहून दिलं होतं. बाबा म्हणाले, "वाच." मग मी वाचलं. बाबा पायऱ्या उतरून निळ्या हौदात जातात. पाळकसाहेब त्यांच्या पाठीला हात देतात. बाबा पाण्याखाली जातात, वर येतात. मग नवा सदरा घालून तिसऱ्या बाकावर आईच्या जागेशेजारी बसतात, आणि ताट आलं की भाकरीचा तुकडा उचलतात.

त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोप लागली.

"कोमट पानी काहून लिहिलं वं?"

"थंडी आहे ना, बाबा."

"गार लिही. मी भरतो तो हौद, मले माहीत नाही?"

"छापून झालंय बाबा."

"मंग असू दे," ते म्हणाले. थोड्या वेळानं परत, "तुकडा घेतल्यावर पुढं काय लिहिलं?"

"तिथे संपतं."

"बरं आहे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी चहा आणायला खाली गेले होते तेवढ्यात ते गेले. रविवारला तीन दिवस होते.

वर्धापनदिन झाला. हौदाच्या फळ्या कुणी उचलल्या नाहीत. डीकन मंडळींनी ठरवलं, की न घडलेली गोष्ट इतिहास म्हणून वाटता येणार नाही, आणि ते बरोबरच होतं. म्हणून आदल्या दिवशी संडेस्कूलच्या खोलीत बसून मी प्रत्येक पुस्तिकेचं शेवटचं पान फाडलं. मार्थाआत्या मदतीला आल्या होत्या. त्या दर पानाला "अगं बाई, अगं बाई" करत होत्या, मग त्यांना मीच घरी पाठवलं. आता त्याच्या आधीच्या पानावर मंडळीला नवीन पंखे बसवल्याचा उल्लेख आहे. आमच्या मंडळीचा पंचाहत्तर वर्षांचा इतिहास पंख्यांवर संपतो.

अजून कुणी ना कुणी भेटायला येतं. खुर्चीत बसतं, चहा घेतं आणि म्हणतं, "देवाची इच्छा, रूथताई. त्याच्यापुढे कोणाचं काय चालते?" मी मान हलवते. उगाच देवाला कशाला मध्ये ओढता? त्याची तर पहिल्याच रविवारी तयारी होती. पाळकसाहेब तयार, बाबा तयार, हौदही तेव्हा गळत नव्हता. वर्धापनदिन मला हवा होता.