मग्गं म्हणजे काय

आम्ही तिघं मिळून डीजेचा धंदा करतो. सोलापुरात शुक्रवार पेठेत एका बोळात आमचा गाळा आहे. बॉक्स, अँप, लाइटी, वायरींची भेंडोळी, सगळं तिथंच. लग्न, हळद, बारसं, निवडून आलेल्याची मिरवणूक, जे मिळेल ते घेतो. एक भागीदार शेजारच्या गल्लीतला. त्याच्या घरी दखनी उर्दू बोलतात, आणि मशीनवर हात त्याचाच चांगला. दुसरा अक्कलकोटचा. टेम्पो त्याचा, लाइटीचं काम त्याचं, आणि संतापला की तो कन्नडमध्ये शिरतो. माइक माझ्याकडे असतो. मला बोलता येतं, असं दोघांचं मत होतं.

लग्नसराई संपली की बॉक्सवर कापड टाकून आम्ही नुसते बसायचो. त्या रिकामपणात रिअ‍ॅक्शनचे व्हिडिओ सुरू झाले. नवं गाणं आलं की मोबाइल स्टँडला लावायचा, तिघांनी पहिल्यांदाच गाणं ऐकायचं आणि ऐकता ऐकता वाटेल ते बोलायचं. ड्रॉप कुठं आला, बेस कसा बसवलाय, हळदीत चालेल की नाही. पेठेतली पोरं बघायची. कधी त्यावरून ऑर्डरही यायची.

राज्यभर ज्याची गाणी वाजतात असा एक रॅपर आहे. त्याची आई सोलापूरची, आजोळ पूर्व भागातलं, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतलं, हे त्यानं कुठल्याशा मुलाखतीत सांगितल्यापासून आमच्याकडे तो आपलाच झाला होता. त्याचं नवं गाणं दुपारी येणार होतं. आम्ही शटर अर्धं ओढून, पंखा बंद करून तयार बसलो, कारण पंख्याचा आवाज व्हिडिओत येतो. गाणं सुरू झालं. दोन कडवी मराठी, आणि मग बीट एकदम थांबलं आणि तो तेलुगूत म्हणाला,

"मग्गं आगिंदि, चेयि आगलेदु."

ही ओळ तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि खालून बेस उसळला. गाळ्याचं शटर थरथरलं.

"क्या बोलरा रे वो?" दखनीवाल्यानं गाणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्यातलंच हाय की ते," अक्कलकोटचा म्हणाला. "सांग की."

आमच्यातलं होतंच. आमचं घर पद्मशाली, पिढीजात तेलुगू विणकर. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. आई तेव्हा मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, आता घरी विड्या वळते. दोघं एकमेकांशी तेलुगूत बोलायचे. पण आम्ही राहायला आलो त्या बोळात सगळे मराठी, शाळा मराठी, आणि वडिलांनी ठरवून टाकलं होतं की पोरांशी मराठीतच बोलायचं, म्हणजे पुढं कुठं अडणार नाही. मोठी बहीण त्याआधीच थोडं तेलुगू शिकलेली, ती अम्मा म्हणायची. मी पहिल्यापासून आई म्हणालो. जेव, ये, जा, पाणी, गप बस, एवढं मला कळतं. त्यापुढचं बोलणं मी चेहऱ्यावरून ओळखत आलो.

भागीदारांना हे कधी सांगितलं नव्हतं. पूर्व भागातल्या लग्नात मी माइकवर एक-दोन शब्द टाकायचो, म्हाताऱ्या हसायच्या, आणि मला तेलुगू येतं असाच सगळ्यांचा समज होता. मीही तो तसाच राहू दिला होता.

कॅमेरा चालू होता. दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. 'चेयि' म्हणजे हात, हे मला माहीत होतं. 'मग' म्हणजे पुरुष, असं कुठंतरी ऐकलेलं. आणि 'आग' तर आगच की. मी मान हलवली आणि म्हणालो, "मर्दाला आग लागली, पण हात जळत नाही! असं म्हणतोय तो. आमच्यात जुनं बोलणं आहे हे."

जुनं बोलणं! हे शब्द कुठून आले मला अजून कळत नाही.

"आयला!" अक्कलकोटचा उठून उभाच राहिला. दखनीवाल्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "क्या लिखा है रे भाई, क्या लिखा है!" आम्ही गाणं पुन्हा लावलं. ती ओळ आली की मी तर्जनी वर करून "आग!" असं ओरडायचो आणि ते दोघं हात पुढं करून नाचायचे. व्हिडिओ टाकला तेव्हा माझं ते वाक्य ठळक अक्षरांत वर लिहिलं.

तो चालला. आमचा कुठलाच व्हिडिओ तसा चालला नव्हता. दुसऱ्या दिवशी पेठेतली पोरं मला बघून हात पुढं करायला लागली. एकानं ते वाक्य मोटरसायकलवर मागं लिहून घेतलं.

मग कुणीतरी व्हिडिओखाली लिहिलं, 'दादा, मग्गं म्हणजे माग. आगिंदि म्हणजे थांबला. माग थांबला, हात थांबला नाही, असं आहे ते.'

मी चहाच्या गाड्यावर उभा होतो. ते वाचलं आणि चहाचा कप गाड्यावर ठेवून दिला. मग्गं. माग. मराठीत आणि तेलुगूत जवळजवळ एकच शब्द. तेलुगूचं एक अक्षर न येणाऱ्यालाही जरा कान लावला असता तर लागला असता. आणि मी मागावरच्या माणसाचा मुलगा. वडिलांचा कारखाना बंद पडला त्यानंतर कितीतरी महिने जेवताना, बोलताना त्यांचा उजवा हात मधेच झटका दिल्यासारखा हलायचा. आम्ही भावंडं त्यावर हसायचो. ते गाणं याच माणसाविषयी होतं.

तिथंच चूक मान्य केली असती तर गोष्ट तिथं संपली असती. पण मी खाली उत्तर लिहिलं, 'घरातल्या बोलीत वेगळा अर्थ आहे.' लिहिलं आणि चहा न पिता गाळ्यावर आलो.

अक्कलकोटचा वायरी गुंडाळत होता. मी सहज विचारल्यासारखं केलं, "तुमच्या कन्नडमध्ये मागाला काय म्हणतात रे?"

"मग्ग." त्यानं मान वर न करताच सांगितलं. "त्या दिवशी मला बी तसंच वाटलं हुतं. पर म्हणलं, तुमच्यात येगळं असल. तू बोललास म्हणल्यावर तेच खरं की."

तो टोमणा नव्हता. त्यानं खरंच माझ्यावर विश्वास ठेवला होता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

"मला तेलुगू येत नाही," मी म्हणालो.

त्यानं हातातली वायर खाली ठेवली. "म्हंजे?"

"येत नाही म्हणजे येत नाही."

"मग सांगायचं न्हाय का?" एवढंच तो म्हणाला, आणि पुन्हा वायर उचलली.

पुढच्या दोन दिवसांत त्या रॅपरनंच आमच्या व्हिडिओचा तुकडा उचलून आपल्या पानावर टाकला. वर लिहिलं होतं, 'माझ्या आजोळी माझ्या ओळीचा हा अर्थ झालाय.' पुढं हसणारी तोंडं. त्यात खुनशीपणा काही नव्हता, त्याला गंमत वाटली असेल. पण त्याचं पान बघणारी माणसं किती, आणि त्यांतली आमच्या पूर्व भागातली किती! मामाच्या मुलानं फोन केला आणि नुसता हसत राहिला. लांबच्या एका काकांनी व्हिडिओ पाठवून खाली लिहिलं, 'हा आपलाच ना?' त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

ऑर्डर मात्र वाढल्या. पूर्व भागातल्या एका हळदीला बोलावणं आलं. नवरीचा मामा फोनवर म्हणाला, "ते आग लावणारे तुमीच नव्हं का? तुमीच पायजे." मला नको म्हणायचं होतं. दखनीवाल्यानं माझ्या हातातून फोन घेतला आणि होय म्हणून टाकलं. धंदा तिघांचा होता, मला एकट्याला नाही म्हणायचा हक्क नव्हता.

सकाळची हळद. मांडवात बायका पिवळ्याधमक झालेल्या, लहान मुलं बॉक्सपुढं लोळतायत. थोड्याच वेळात सगळ्यांनी ते गाणं मागितलं. दखनीवाल्यानं लावलं. ती ओळ आली आणि सबंध मांडव एका सुरात ओरडला, "आग लागली!" म्हातारेकोतारे, नवरी, सगळे. हात पुढं करून माझ्याकडे बघून हसत होते. नवरीच्या मामानं येऊन माझ्या पाठीवर थाप मारली आणि तेलुगूत काहीतरी विचारलं. लांबलचक, प्रेमानं. मी हसून मान डोलावली. तो तसाच उभा राहिला. त्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा कळलं की त्याला हो किंवा नाही नकोय, काहीतरी माहिती हवीय.

"गाव विचारतायत," दखनीवाला माझ्या कानात म्हणाला. "बाप का गाव कौनसा, पूछ रहे."

त्याला कळलं होतं. पेठेत कारखान्यांच्या शेजारी वाढलेला पोरगा, गाव-नाव विचारण्याइतकं त्याला कळतं. मी वडिलांचं गाव मराठीत सांगितलं. मामानं "बरं बरं" म्हणून पुन्हा पाठ थोपटली, पण आता जरा हलक्या हातानं, पाहुण्याची थोपटावी तशी. उरलेला कार्यक्रम मी माइक नुसता हातात धरून काढला.

परतलो तर बोळाच्या तोंडाशी आमच्या शेजारीणबाई भेटल्या. आई आणि त्या वळलेल्या विड्या कारखान्यात जमा करायला बरोबर जातात. मला बघून त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

"काय रे, आग लावलीस की गावात! सगळ्या बायका मोबाइल घेऊन बसल्या हुत्या. तुझ्या आईला म्हणल्या, पोराला काय शिकवलंस? तर तुझी आई लई भांडली बघ. म्हणली, आमच्या घरात असंच म्हणत्यात. मग्गंला आमी मर्दच म्हणतो. तिच्यापुढं कोण बोलणार? गप बसल्या सगळ्या."

मी तिथंच थांबलो. आईला तो व्हिडिओ माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं. घरी तिनं शब्द काढला नव्हता. आणि जी थाप मी फोनवर बोटांनी मारली होती, तीच तिनं चारचौघींत तोंडानं मारली होती, मी काय लिहिलंय हे न वाचता. ज्या बायकांबरोबर ती जन्मभर कांड्या भरत आली, विड्या वळत आली, त्यांच्यापुढं. मग्गंचा अर्थ माहीत नाही अशी एकही बाई तिथं नसणार. सगळ्यांना माहीत होतं की ती खोटं बोलतेय, आणि तिलाही माहीत होतं की त्यांना माहीत आहे.

घरात आई सूप मांडीवर घेऊन बसली होती. पानं कापणं चाललं होतं. मी समोर बसलो.

"तू तसं का सांगितलंस?"

तिनं कात्री थांबवली नाही. "कुणी सांगितलं तुला?"

"मला अर्थ माहीत नव्हता. मी चुकलो, तर चुकला म्हणायचं होतंस."

"म्हणायला काय." तिनं एक पान उजेडात धरून बघितलं आणि बाजूला टाकलं. "तू चुकलास म्हणून कोण हसत न्हवतं रे. आईनं पोराला भाषा दिली न्हाई, म्हणून हसत हुत्या. ते मी कसं कबूल करू? तुझे वडील म्हणायचे मराठी बोला, मी बी बोलले. माझी मराठी कसली, तरी बोलले. तुमाला चांगलं व्हावं म्हणूनच की. आता लोक म्हणणार, घरात मग्गं चालायचं आणि पोराला मग्गं ठाऊक न्हाई."

मला वाटलं होतं, लाज माझी आहे. ती माझ्या आधीपासून तिच्याकडे होती, कितीतरी वर्षं, आणि मी ती माइकवरून सगळ्या गावाला ऐकवली होती. तिच्याकडे बघवेना. मी सुपातली कापलेली पानं एकावर एक लावत बसलो. तिनं "राहू दे, तुला जमत न्हाई" म्हणून ती माझ्यापुढून ओढून घेतली.

पुढच्या आठवड्यात आम्ही दुसरा व्हिडिओ केला. नाच नाही, काही नाही. मी सरळ सांगितलं की अर्थ मी मनानं ठोकून दिला होता, मला भाषा येत नाही, आणि खाली घरातल्या बोलीचं लिहिलं तेही खरं नव्हतं. मग खरा अर्थ सांगितला. सांगताना वडील मागावर होते हेही बोललो, आणि त्यांच्या उजव्या हाताचंही सांगितलं. दखनीवाला म्हणाला, तो भाग कापू नको. पहिला व्हिडिओ आम्ही काढून टाकला, पण लोकांनी तो आधीच उतरवून घेतला होता. तो अजून फिरतो. दुसरा थोड्यांनी बघितला. त्या थोड्यांत विड्यांच्या बायका होत्या, असं शेजारीणबाई सांगतात. आईनं तो बघितला का, हे मी विचारलं नाही.

हल्ली रोज सकाळी मी बहिणीला फोन करून दोन-चार वाक्यं विचारून घेतो आणि गाळ्यावर जाताना तोंडातल्या तोंडात घोळवतो. अक्कलकोटचा मला दुरुस्त करायला बघतो, पण त्याचं कन्नड मधे घुसतं आणि आम्ही दोघंही फसतो.

परवा सकाळी मी स्वयंपाकघरात चहा ठेवला होता. आई बाहेरच्या खोलीत पाठमोरी बसून पानं ओली करत होती. दोनदा मनात म्हणून बघितलं आणि मग मोठ्यानं विचारलं, "अम्मा, टी तागुतावा?"

तिनं पुढचं पान पाण्यात बुडवलं. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं.

"कुणाचा फोन हाय रे?" तिनं मागं न बघता विचारलं.

"फोन नाही, मीच आहे," मी म्हणालो, आणि चहा घेणार का, असं तिला मराठीत विचारलं.